ताप : शत्रू, लक्षण आणि संरक्षण

संसर्ग झाला की शरीराचे तापमान वाढते, अंगात कणकण येते, हुडहुडी भरते, तोंडाची चव जाते आणि रोगी पांघरूण ओढून पडून राहतो. ताप हा स्वतः रोग आहे की रोगाशी चाललेल्या झुंजीचा भाग आहे, या प्रश्नाने वैद्यकाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवले. तापाच्या उष्णतेत काहीतरी उपयोगाचे काम चालते, असे जुन्या काळातील अनेक वैद्य मानत. एकोणिसाव्या शतकाने तापाला शत्रू ठरवले आणि तो उतरवणारी औषधे शोधली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला : शरीराला इतका महाग पडणारा ताप कोट्यवधी वर्षे टिकला कसा? या प्रश्नाची उत्तरे प्रयोगशाळेत मिळाली आणि त्यांतून आजारांच्या इतर लक्षणांकडे पाहण्याची दृष्टीही बदलली.

प्राचीन वैद्यक

भारतीय वैद्यकात ज्वराचे स्थान सगळ्या रोगांच्या आधी आहे. चरकसंहितेत निदानस्थानाचा पहिला अध्याय ज्वराचा आहे. चिकित्सास्थानात रसायन आणि वाजीकरण हे दोन विषय संपताच ज्वराची चिकित्सा सुरू होते. दक्षाच्या यज्ञाच्या वेळी रुद्राच्या क्रोधातून ज्वर जन्मला, अशी त्याची उत्पत्तिकथा सांगितली आहे. ज्वर सर्व प्राण्यांना होतो, हेही या परंपरेने नोंदवले. हत्तीच्या ज्वराला ‘पाकल’ आणि घोड्याच्या ज्वराला ‘अभिताप’ अशी नावे जुन्या संस्कृत वैद्यकात आढळतात.

चरकाच्या मते बिघडलेले दोष आमाशयात शिरतात, रस आणि घाम वाहून नेणारे मार्ग अडवतात आणि जठराग्नीला त्याच्या जागेवरून बाहेर ढकलतात. ती उष्णता मग अंगभर पसरते. तापात भूक का मरते आणि सुरुवातीला घाम का येत नाही, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळे. उपचारही त्याला धरूनच होते : आधी लंघन, घाम काढणे, काही दिवस वाट पाहणे, पातळ पेज, कडू रसाची पाचक द्रव्ये आणि नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ यांसारख्या वनस्पती घालून उकळलेले षडंगपानीय. नव्या तापात तुरट काढे देऊ नयेत, कारण त्यांनी दोष आतच अडकून राहतात आणि ताप पुन्हा पुन्हा उलटतो, असा इशाराही दिला आहे. लंघनाला अपवादही सांगितले : वाताचा ज्वर, क्षयाने आलेला ज्वर, भय, क्रोध किंवा शोकातून आलेला ज्वर. तापात भाताची पेज आणि काढा देण्याची मराठी घरांतील रीत याच विचाराशी जुळणारी आहे.

ग्रीक वैद्यकात हिप्पोक्रेटिसच्या परंपरेने शरीरात चार द्रव मानले. त्यांचा समतोल बिघडला की ताप येतो आणि त्या उष्णतेने कच्चा, दूषित द्रव पक्व होऊन बाहेर पडतो, असा तिचा समज होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस इफेससच्या रूफस या वैद्याने तर काही आजारांत, विशेषतः अपस्मारात, ताप हाच उपाय ठरतो असे लिहिले. सतराव्या शतकात लंडनच्या टॉमस सिडनहॅमनेही ताप हे शरीरातील दूषित भाग वेगळा काढण्याचे निसर्गाचे साधन मानले.

या सगळ्या मतांचा आधार रोग्याच्या खाटेजवळचे निरीक्षण हा होता. ताप किती आहे, तो केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, हे हात लावून आणि नाडी पाहून ठरवले जाई. तापाने नेमके काय साधते, हे तपासण्याचा मार्ग कोणाकडेच नव्हता.

तापमापी आणि तापाचा आलेख

तापमान मोजण्याचे पहिले वैद्यकीय प्रयत्न सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सांतोरियोने केले. डॅनिएल फॅरनहाइटने १७१४ मध्ये पाऱ्याची भरवशाची तापमापी बनवली. तरीही पुढची दीडशे वर्षे हे उपकरण रुग्णालयात क्वचितच दिसे, कारण ते फूटभर लांब असे आणि एक नोंद घ्यायला वीसेक मिनिटे लागत. इंग्लंडमध्ये टॉमस क्लिफर्ड ऑलबटने १८६६-६७ च्या सुमारास सहा इंचांची, पाच मिनिटांत तापमान दाखवणारी तापमापी तयार केली, तेव्हा ती डॉक्टरांच्या खिशात आली.

याच काळात जर्मनीत लाइप्झिगच्या रुग्णालयात कार्ल वुंडरलिख रोज, नेमाने, प्रत्येक रोग्याचे तापमान नोंदवत होता. सुमारे २५ हजार रोग्यांच्या नोंदींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हा मापदंड त्यातूनच रुजला. विषमज्वर, न्यूमोनिया, हिवताप यांचा प्रत्येकाचा तापाचा आलेख वेगळा असतो, हे त्याने दाखवले. पूर्वी ‘ताप’ हेच निदान असे. वुंडरलिखनंतर ताप निरनिराळ्या रोगांचे लक्षण झाला.

मोजणीने एक नवी भीतीही आणली. आकडा डोळ्यांसमोर आला आणि तो खाली आणणे हे उपचाराचे उद्दिष्ट बनले. फ्रान्सच्या क्लोद बर्नारने दाखवले होते की बाहेरून उष्णता देऊन प्राण्याचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढवले की तो दगावतो. तापात होणाऱ्या हानीचे कारण ही उष्णताच आहे, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. श्टेटिनच्या एर्न्स्ट ब्रांटने १८६१ मध्ये विषमज्वराच्या रोग्यांना थंड पाण्याच्या टबात बसवण्याची पद्धत पुढे आणली आणि ती युरोपभर पसरली. कार्ल फॉन लीबरमायस्टर हाही थंड पाण्याच्या स्नानाचा पुरस्कर्ता होता. मात्र त्याच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट आली : स्नानानंतर रोग्याचे तापमान पुन्हा त्याच वाढलेल्या पातळीवर परत जाते. तापात शरीर आपले नियंत्रण गमावत नाही, ते वरच्या पातळीवर नियंत्रण चालूच ठेवते, असे त्याने १८७५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. या निरीक्षणाचे पूर्ण महत्त्व समजायला शंभर वर्षे जावी लागली.

ताप उतरवणारी औषधे

ताप उतरला म्हणजे रोग हटला, ही समजूत घट्ट होण्यामागे क्विनीनचा मोठा वाटा आहे. दक्षिण अमेरिकेतील सिंकोनाची साल सतराव्या शतकात युरोपात आली. तिच्यातून पेलेतिये आणि कावंतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये क्विनीन वेगळे केले. क्विनीनने हिवताप खरोखर बरा होई, कारण ते रक्तातील परजीवी मारते. पण तो परजीवी आल्फाँस लाव्हरांला अल्जीरियात १८८० मध्ये दिसला. तोपर्यंत डॉक्टरांना एवढेच दिसत होते की औषध दिले, ताप उतरला आणि रोगी बरा झाला. त्यामुळे कोणताही ताप उतरवणारे द्रव्य हे औषधच असणार, असे मानले गेले.

क्विनीन महाग होते. जर्मन रासायनिक उद्योगाने त्याला पर्याय शोधायला घेतले. सॅलिसिलिक आम्ल १८७० च्या दशकात कारखान्यात बनू लागले. लुडविग क्नॉरचे अँटिपायरिन १८८४ मध्ये आणि काह्न व हेप यांचे अँटिफेब्रिन १८८६ मध्ये आले. फेनॅसेटिन १८८७ मध्ये आले. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने १८९७ मध्ये शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि १८९९ पासून ते ‘अ‍ॅस्पिरिन’ नावाने विकले जाऊ लागले. पॅरासिटामॉलही एकोणिसाव्या शतकातच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण त्याचे गुण ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांच्या १९४८ च्या कामानंतर नीट ध्यानात आले आणि ते १९५० च्या दशकात बाजारात रुळले.

या औषधांपैकी एकही जिवाणू किंवा परजीवी मारून ताप उतरवत नव्हते. ती वेदना कमी करत, रोग्याला आराम देत आणि तापमापीचा आकडा खाली आणत. रोग लवकर बरा होतो का, हा प्रश्न फारसा विचारलाच गेला नाही. शंभर वर्षांत ताप उतरवणे ही घराघरातील सवय झाली. अमेरिकेतील डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये पालकांच्या मनातील तापाच्या अवाजवी भीतीवर लेख लिहिला. साधारण तापानेही मुलाच्या मेंदूला इजा होते, असे अनेक पालक मानत असल्याचे त्यांना आढळले. पुढे बाल्टिमोरमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही ही भीती कायम होती.

तापाने केलेले उपचार

औषधांच्या या काळातच काही डॉक्टर उलट दिशेने गेले. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ युलियस वाग्नर-याउरेग यांनी पाहिले होते की जोराचा ताप येऊन गेल्यावर काही मनोरुग्ण सुधारतात. त्या काळी सिफिलिसचे जंतू मेंदूत शिरून होणारा पक्षाघाती वेडेपणा बराच होत नसे आणि काही वर्षांत मृत्यू ठरलेला असे. वाग्नर-याउरेग यांनी जून १९१७ मध्ये हिवताप झालेल्या एका सैनिकाचे रक्त अशा रोग्यांना टोचले. तापाच्या काही पाळ्या येऊ द्यायच्या आणि मग क्विनीन देऊन हिवताप थांबवायचा, अशी ती पद्धत होती. पहिल्या ९ रोग्यांपैकी ६ जणांत लक्षणीय सुधारणा दिसली. ही पद्धत जगभर पसरली आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक तिला मिळाले.

हा उपचार जोखमीचा होता. टोचलेल्या हिवतापानेच काही रोगी दगावत. त्याचा गुण नेमका कशामुळे येई, यावरही मतभेद राहिले. सिफिलिसचा जंतू उष्णतेला नाजूक असतो, हे एक कारण होते. हिवतापाने जागी झालेली प्रतिकारशक्ती हे दुसरे कारण मानले गेले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि ही पद्धत मागे पडली. उष्णता जंतूंना बाधते, ही गोष्ट मात्र तिने सर्वांसमोर ठेवली. फ्रान्समध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० च्या दशकात पोलिओच्या विषाणूवर प्रयोग केले, तेव्हा तापमान थोडे वाढवताच त्याची वाढ अनेक पटींनी मंदावते असे दिसले.

ताप येतो कसा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताप जंतूंच्या विषामुळेच चढतो, असे बहुतेक मानत. पॉल बीसन यांनी १९४८ मध्ये दाखवले की शरीरातील पांढऱ्या पेशीही ताप आणणारे द्रव्य तयार करतात. चार्ल्स डिनारेलो यांनी १९७७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळवले. पुढे त्याला इंटरल्युकिन-१ हे नाव मिळाले आणि १९८४ मध्ये त्याचे जनुक वेगळे करण्यात आले. दरम्यान लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिन कसे काम करते याचा उलगडा केला : ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखते. या कामासाठी १९८२ मध्ये त्यांना बेरिस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधांनी साखळी पूर्ण झाली. जंतू आढळताच पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन-ई२ तयार होते आणि शरीराने कोणते तापमान राखायचे याची पातळी वर सरकते. शरीर अजून ३७ अंशांवर असते आणि पातळी ३९ ची ठरलेली असते, म्हणून माणसाला थंडी वाजते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात आणि रोगी पांघरूण मागतो. पातळी पुन्हा खाली आली की त्वचा लाल होते, घाम फुटतो आणि ताप उतरतो. लीबरमायस्टरचे निरीक्षण बरोबर ठरले : ताप ही शरीराने स्वतः आखून घडवलेली वाढ आहे.

उष्माघात याहून वेगळा असतो. उन्हाच्या तडाख्यात ठरलेली पातळी ३७ चीच राहते, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद संपल्याने तापमान त्या पातळीच्या पलीकडे जाते. तिथे शरीराचे नियंत्रण खरोखर मोडलेले असते. त्यामुळे पॅरासिटामॉल निरुपयोगी ठरते आणि रोग्याला बाहेरून तातडीने थंड करावे लागते. क्लोद बर्नारने प्रयोगात निर्माण केलेली अवस्था हीच होती. तिच्यावरून तापाबद्दल काढलेले निष्कर्ष म्हणूनच चुकले.

वाळवंटातील सरडे

ताप शरीर स्वतः आणते, एवढ्यावरून तो उपयोगाचा आहे असे सिद्ध होत नाही. त्याला किंमत असते. तापमान एका अंशाने वाढले की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतो, हृदयाची गती वाढते, स्नायूंतील प्रथिने झिजतात. या किमतीच्या बदल्यात काही मिळते का, हे पाहायचे तर तापमान वेगळे आणि बाकी सगळे सारखे ठेवावे लागते. सस्तन प्राण्यांत ते अवघड आहे, कारण औषधाने ताप उतरवला की त्या औषधाचे इतर परिणामही होतात.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी यासाठी डिप्सोसॉरस डॉर्सालिस हा वाळवंटी सरडा निवडला. सरड्याच्या शरीरात उष्णता पुरेशी तयार होत नाही. उन्हात किंवा सावलीत जागा बदलून तो तापमान सांभाळतो. संशोधकांनी एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला गार अशी पेटी तयार केली. निरोगी सरडे आपले तापमान ३८-३९ अंशांच्या आसपास ठेवत. जिवाणूंची टोचणी दिल्यावर तेच सरडे गरम बाजूला जाऊन बसू लागले आणि त्यांचे तापमान सुमारे दोन अंशांनी वाढले. सरड्याने वागणुकीतून ताप आणला होता. हे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रयोग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्ग दिलेल्या सरड्यांना ३४, ३६, ३८, ४० आणि ४२ अंशांच्या ठरावीक तापमानात ठेवले गेले. थंड पेट्यांतील बहुसंख्य सरडे मेले, तर ४०-४२ अंशांवरील बरेच जगले. १९७६ मध्ये बर्नहाइम आणि क्लुगर यांनी संसर्ग झालेल्या सरड्यांना अ‍ॅस्पिरिनच्या कुळातील सोडियम सॅलिसिलेट दिले. औषधाने ज्यांचा ताप दबला ते मेले आणि औषध देऊनही ज्यांनी ताप चढवला ते वाचले. सशांवरील प्रयोगांत आणखी एक बारकावा दिसला : मध्यम तापात जगण्याची शक्यता वाढते, पण ताप फार वाढला की ती पुन्हा घटते.

गोल्डफिशसारखे मासेही संसर्ग झाल्यावर कोमट पाणी शोधतात, असे याच दशकात आढळले. बेडकांतही तसेच दिसले. बुरशीची लागण झालेले टोळ ऊन खात बसतात आणि त्यामुळे अधिक काळ जगतात. मधमाश्यांच्या पोळ्यात अळ्यांना बुरशी लागण्याचा धोका आला की कामकरी माश्या मिळून पोळ्याचे तापमान वाढवतात, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. मासे आणि सस्तन प्राणी यांचा समान पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. इतका खर्चिक गुण इतक्या शाखांत टिकून राहतो, तेव्हा तो वाहणाऱ्या जीवांना त्याचा फायदा झाला असणार, हा उत्क्रांतीचा तर्क तापाच्या बाबतीत प्रयोगांनीही उचलून धरला.

लक्षण म्हणजे काय

या निष्कर्षांतून मोठा प्रश्न पुढे आला. आजाराची कोणती लक्षणे जंतूने केलेली इजा आहेत, कोणती शरीराचा बचाव आहेत आणि कोणती जंतूने स्वतःच्या प्रसारासाठी घडवून आणलेली आहेत? पॉल इवाल्ड यांनी १९८० मध्ये संसर्गजन्य रोगांच्या लक्षणांची अशी विभागणी मांडली. १९९१ मध्ये मिशिगनचे मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेस आणि उत्क्रांतिशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी वैद्यकाला डार्विनच्या विचाराची जोड देणारा दीर्घ निबंध लिहिला आणि १९९४ मध्ये त्याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. खोकला, उलटी, जुलाब, वेदना आणि चिंता यांच्याकडे बचावाची साधने म्हणूनही पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. झटके, पक्षाघात किंवा कावीळ ही मात्र शरीराचे काम मोडल्याची चिन्हे आहेत.

जुलाबांच्या बाबतीत पुरावा आधीच हाती होता. शिगेला जिवाणूमुळे आव झालेल्यांना आतड्याची हालचाल मंदावणारे औषध दिले, तर ताप आणि संसर्ग लांबतो, असे ड्यूपाँट आणि हॉर्निक यांनी १९७३ मध्ये दाखवले. लोहाच्या बाबतीतही तसेच आढळले. संसर्गात रक्तातील लोह कमी होते, आणि ते औषधाने भरून काढावे असे वाटणे स्वाभाविक असते. पण जिवाणूंनाही वाढीसाठी लोह लागते, म्हणून शरीर ते यकृत आणि प्लीहेत दडवते. सोमालियातील भटक्या लोकांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर हिवतापासारखे दबलेले संसर्ग उफाळल्याची नोंद १९७८ मध्ये झाली.

आजारपणातील मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे हीदेखील बचावाची वागणूक आहे, असे कॅलिफोर्नियातील पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडले. पडून राहिल्याने उष्णता आणि ऊर्जा वाचते. त्याआधी १९७९ मध्ये संसर्ग झालेल्या उंदरांना बळेच अन्न भरवल्यावर अधिक उंदीर मेल्याचे आढळले होते. येल विद्यापीठात २०१६ मध्ये याचा पुढचा टप्पा दिसला : उंदरांना जिवाणूंचा संसर्ग असताना ग्लुकोज घातक ठरले, पण इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचा संसर्ग असताना तेच तारक ठरले. लंघन कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा जुना प्रश्न असा नव्या रूपात परत आला. चरकाचे अपवाद दोषांच्या विचारातून आले होते आणि येलचे जंतूच्या प्रकारातून. त्यामुळे दोन्हींची कारणमीमांसा एक मानता येत नाही.

रुग्णालयातील कसोटी

सरडे आणि उंदीर यांच्यावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून माणसांवरही चाचण्या झाल्या. कांजिण्या झालेल्या मुलांना पॅरासिटामॉल दिल्याने त्यांची प्रकृती लवकर सुधारली नाही आणि फोडांवर पूर्ण खपली धरायला किंचित जास्त वेळ लागला, असे १९८९ मधील अभ्यासात दिसले. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये सर्दीचा विषाणू दिलेल्या स्वयंसेवकांत अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉलने प्रतिपिंडांचा प्रतिसाद कमी झाला आणि नाक अधिक चोंदले. मायामीतील अतिदक्षता विभागात ८२ रोग्यांचे दोन गट केले होते : एकात ताप जोराने उतरवायचा, दुसऱ्यात तो बराच वाढू द्यायचा. पहिल्या गटात ७ आणि दुसऱ्यात १ मृत्यू झाल्यावर चाचणी मध्येच थांबवण्यात आली. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मोठ्या चाचणीत मात्र इतका फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील सुमारे ७०० गंभीर रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पॅरासिटामॉल दिलेल्या आणि न दिलेल्या गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच होते. औषधाने हानी झाली नाही आणि जीवही वाचले नाहीत.

ताप उपयोगाचा असेल तर तो दाबूनही बहुतेकांचे बिघडत का नाही, याचे उत्तर नेस यांनी २००१ मध्ये दिले. धूर ओळखणारा गजर चुलीच्या धुरानेही वाजतो. तो विनाकारण शंभरदा वाजला तरी खर्च थोडा, पण खऱ्या आगीत एकदाही वाजला नाही तर घर जाते. शरीराचे बचावही याच हिशेबाने घडले आहेत. क्षुल्लक संसर्गातही ते पूर्ण जोराने उभे राहतात, कारण संसर्ग क्षुल्लक आहे की जीवघेणा, हे सुरुवातीला कळत नाही. म्हणून बहुतेक वेळा ताप उतरवणे निर्धोक असते. धोका त्या थोड्या प्रसंगांत असतो, जेव्हा संसर्ग खरोखर जोराचा असतो आणि दुसरा उपाय हाताशी नसतो.

मर्यादा आणि आजची रीत

उत्क्रांतीने घडवलेला बचाव प्रत्येक रोग्याच्या हिताचाच असतो असे नाही. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाला वाढलेला ऊर्जाखर्च झेपत नाही. डोक्याला मार लागल्यावर किंवा मेंदूतील रक्तस्रावानंतर ताप आला तर मेंदूची हानी वाढते. ४१ अंशांच्या पुढचा ताप घातक ठरू शकतो. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश ताप असला तरी लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते, कारण त्या वयात ताप हा गंभीर संसर्गाचा एकमेव इशारा असू शकतो. डेंग्यूचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन टाळतात, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. लहान मुलांत अ‍ॅस्पिरिनचा रेज सिंड्रोम या यकृत आणि मेंदूच्या आजाराशी संबंध आढळल्यावर अमेरिकेत १९८६ पासून त्याच्या वेष्टनावर इशारा छापला जाऊ लागला.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये जाहीर केलेली भूमिका आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. तापाचे औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यावे, आकडा खाली आणण्यासाठी नव्हे. मूल हसत-खेळत असेल, पाणी पीत असेल, तर केवळ ताप आहे म्हणून औषधाची गरज नाही. गाढ झोपलेल्या मुलाला तापाचे औषध देण्यासाठी उठवू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत २ ते ५ टक्क्यांना तापात झटके येतात. ताप उतरवणाऱ्या औषधांनी ते टळत नाहीत, हेही आता अभ्यासांनी स्पष्ट झाले आहे.

ताप उतरवावा की चढू द्यावा, याचे सरसकट उत्तर उत्क्रांतीचा अभ्यास देत नाही. कोणतेही लक्षण दाबण्याआधी काय तपासायचे, ते तो सांगतो : हे लक्षण शरीराने उभे केले आहे का, त्यासाठी शरीर किती किंमत मोजते आहे, त्या बदल्यात या रोगात काय मिळते, आणि तेच काम करणारे दुसरे साधन, म्हणजे प्रतिजैविक किंवा लस, उपलब्ध आहे का. प्रतिजैविके निष्प्रभ ठरवणारे जिवाणू वाढत असताना शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे, कारण अशा संसर्गात शरीराच्या स्वतःच्या बचावावरच अधिक भिस्त राहते. कोणत्या जंतूत, कोणत्या वयात आणि किती अंशांपर्यंतचा ताप राखणे हिताचे आहे, हे ठरवण्यासाठी माणसांवरील नियंत्रित चाचण्या हाच मार्ग आहे.